आबांच्या वहीचे पुस्तक

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट महानगराच्या उत्तरेस, ट्रॉय नावाचे एक नीटनेटके नगर आहे. होमरच्या महाकाव्यातील ट्रॉय लाकडी घोड्यामुळे बुडाले. हे ट्रॉय मोटारींच्या धंद्यामुळे वर आले. या धंद्याच्या निमित्ताने जगाच्या कानाकोपऱ्यांतून अभियंते तेथे जमले, त्यांत भारतीय कुटुंबे पुष्कळ आली, आणि त्यांच्या मागोमाग 'भारतीय टेंपल' नावाचे मंदिरही नगरात उभे राहिले.

या नगराच्या ग्रंथालयाची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७१ साली ग्रंथालयाची नवी वास्तू उघडावयाची होती, तेव्हा मुलांच्या विभागाच्या ग्रंथपाल मार्गरीट हार्ट यांनी जगातील नामवंतांना पत्रे धाडून विनविले की, ट्रॉयच्या बालकांसाठी ग्रंथालयाविषयी चार ओळी लिहून पाठवाव्यात. सत्त्याण्णव उत्तरे आली. चंद्रावर प्रथम पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांचे एक, विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह यांचे एक. ती पत्रे आज कोणालाही घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. त्याच १९७१ साली, जुलैच्या ४ तारखेस, इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट नावाच्या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून यंत्रात घातला आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या विद्युत्-ग्रंथालयाचा पाया घातला. आडनावाचा हा योगायोग मोठा गमतीचा आहे. एकीने मूळ कागद जमविले, दुसऱ्याने कागदाविना अक्षरे जमविली. पुढील हकीकतीत या दोन्ही गोष्टींची गाठ पडावयाची आहे, म्हणून हा एवढा प्रस्ताव.

ट्रॉयच्या या ग्रंथालयात दर आठवड्यास नेमाने जाणारे एक वृद्ध मराठी गृहस्थ आहेत. 'होते' म्हणावयाचे कारण एवढेच की, आता त्यांना वाचवत नाही. डोळ्यांतील पडद्याचा मध्यभाग झिजत जाण्याचा विकार त्यांना जडला आहे. कडेकडेने दिसते, परंतु जेथे दृष्टी लावावी तेथेच धुके. त्यांचा जन्म मॉरिशसमध्ये, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील एका ऊसमळ्यावर, १९३८ सालचा. शिक्षणासाठी विलायतेस गेले, तेथून मोटारींच्या कामासाठी मिशिगनमध्ये आले आणि तेथेच स्थिरावले. त्यांचे चिरंजीवही याच धंद्यात आहेत. सून पुण्याची. घरात मराठी चालते, परंतु ती दोन प्रकारची: सासऱ्यांची बेटावरची आणि सूनबाईंची सदाशिव पेठेतील.

वृद्ध गृहस्थांचे वडील, ज्यांना सारे कुटुंब 'आबा' म्हणे, दिवसा मळ्यावर काम करीत आणि रात्री बैठकेत मुलांना मुळाक्षरे शिकवीत. बैठका म्हणजे काय हे मॉरिशसच्या वाचकांस सांगावयास नको; घासलेटच्या दिव्याखाली ज्या भाषा टिकल्या त्या तेथेच टिकल्या. आबांची एक वही होती. वही म्हणजे एक बाड. मुंबईस छापलेले भजनांचे एक लहानसे पुस्तक, त्याला पुढेमागे कोरी पाने शिवलेली, आणि त्या पानांवर आबांचा तीस-पस्तीस वर्षांचा हात. त्यात झाकरीची गाणी होती, तुकोबांचे पाठांतरातील अभंग होते, उसाच्या वजनांचे हिशेब होते, दुकानदाराची उधारी होती, घरातील जन्म आणि मृत्यू होते. आणि पहिल्याच पानावर आबांच्या आजोबांचा तो क्रमांक होता, जो गिरमिटावर बेटास उतरलेल्या प्रत्येकास सरकारने दिलेला असे. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल तुफानाने बेटावरील घरेच्या घरे उडविली, तेव्हा ही वही पत्र्याच्या पेटीत, खाटेखाली, सुरक्षित राहिली. आबा गेल्यावर ती थोरल्या मुलीकडे, म्हणजे वृद्ध गृहस्थांच्या आक्कांकडे, पोर्ट लुईत आली.

मार्च २०२० मध्ये महामारीने जग बंद पडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात या भावंडांचा एक परिपाठ सुरू झाला. दर रविवारी ट्रॉयमध्ये सकाळचे नऊ वाजले, म्हणजे पोर्ट लुईत सायंकाळचे पाच वाजले, की आक्का दूरध्वनीच्या पडद्यासमोर वही धरीत आणि धाकटा भाऊ इकडून मोठमोठ्याने वाची. त्या वेळी मोठ्या पडद्यावर डोळे नेऊन त्यांना थोडेफार वाचता येत असे. चिरंजीव शेजारी बसत आणि पान बदलले की एक कळ दाबून पडद्याचे चित्र घेऊन ठेवीत. यासच स्क्रीनशॉट म्हणतात. पलीकडे आक्कांची नातही कधी मधी तेच करी. यामागे काही योजना नव्हती. विमाने सुरू झाली की वही आणू, नीट छायाचित्रे काढू, असे बोलणे होई. विमाने सुरू झाली. मुलांच्या परीक्षा होत्या, घराचे छप्पर करावयाचे होते, पुढच्या वर्षी जाऊ असे ठरले. २०२२ मध्ये आक्का गेल्या. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळ आले आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहत जाऊ लागल्या. पेटी तळमजल्यावर होती. जी वही कॅरोलमधून वाचली होती ती या पाण्यात लगदा होऊन निघाली.

उरली ती चिरंजीवांच्या यंत्रातील आणि आक्कांच्या नातीच्या दूरध्वनीतील मिळून दोनशेच्या आसपास चित्रे.

वृद्ध गृहस्थांनी कोणास दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले की, त्या चित्रांतून आबांचे अक्षर मला पुन्हा वाचता येईल काय? चिरंजीव अभियंता, त्यांनी तत्काळ होय म्हटले. अभियंत्यांना हा शब्द फार लवकर सुचतो.

पहिला प्रयत्न एका संध्याकाळी आटोपला. सारी चित्रे एकामागून एक लावून त्यांची एक पीडीएफ केली आणि ती वडिलांच्या हातातील पाटीवर घातली. वडिलांना अक्षर दिसावे म्हणून चित्र चौपट मोठे केले, तर ओळीचे पहिले दोन शब्द पडद्यावर राहिले आणि बाकीची ओळ उजवीकडे अदृश्य झाली. बोटाने ढकलीत ढकलीत ओळीच्या अंतास पोहोचावे आणि मग दुसऱ्या ओळीचा आरंभ शोधावयास परत डावीकडे यावे. तेवढ्यात ओळ चुके. दहा मिनिटांत वृद्धांनी पाटी मांडीवर ठेवली. येथे या विषयाचे मर्म आहे. चित्रात अक्षरे दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ती अक्षरे नसतात. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा तो नुसता रांगोळीचा पट असतो. ठिपके मोठे करता येतात, पण ओळ मोडून खाली आणता येत नाही. ती सोय हवी असेल तर प्रत्येक अक्षर हे अक्षर म्हणून यंत्रास सांगावे लागते.

पानांचे चित्र घेण्याची विद्या मिशिगनला नवी नाही. ट्रॉयपासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर अ‍ॅन आर्बर येथे यूजीन पॉवर यांनी १९३८ साली ग्रंथांची पाने सूक्ष्म फिल्मवर उतरविण्याचा उद्योग थाटला. त्याच गावच्या विद्यापीठात २००८ साली अनेक ग्रंथालयांचा मिळून 'हाथीट्रस्ट' स्थापन झाला. हत्ती विसरत नाही म्हणून आपल्याकडील शब्द त्यांनी उचलला. तथापि ती सारी कामे चांगल्या यंत्राने, चांगल्या प्रकाशात, सपाट ठेवलेल्या पानांची. येथे वही ऐंशीपलीकडच्या आक्कांच्या हातात थरथरत होती, खिडकीतून मावळतीचे ऊन येत होते आणि चित्र समुद्रापलीकडून दाबून-चेपून आलेले होते.

प्रथम क्रम लावावयाचा. चित्रांच्या नावांत घेतल्याची वेळ आपोआप उमटते. ट्रॉयची चित्रे ट्रॉयच्या घड्याळाने, नातीची चित्रे पोर्ट लुईच्या घड्याळाने. चिरंजीवांनी नातीच्या सर्व वेळांतून आठ तास वजा केले आणि दोन्ही गठ्ठे एकत्र लावले. परिणामी एका आरतीचे शेवटचे कडवे उसाच्या वजनात जाऊन पडले आणि कोणाच्या तरी बारशापुढे मयताचा खर्च आला. दोन रात्री डोके खाजविल्यानंतर ध्यानात आले की, १ नोव्हेंबर २०२० रोजी अमेरिकेतील घड्याळे नेमाप्रमाणे एक तास मागे गेली होती. मॉरिशसमध्ये घड्याळास हात लावीत नाहीत. तेथून पुढे अंतर नऊ तासांचे झाले. एका तासाच्या या फरकाने आबांचे आयुष्य उलटसुलट झाले होते.

मग छाटणी. प्रत्येक चित्राच्या माथ्यावर घड्याळ आणि विजेची खूण, कोपऱ्यात लहान चौकटीत वृद्धांचा स्वतःचा वाचणारा चेहरा. कडा कापल्या, वाकडी पाने सरळ केली, रंग काढून टाकले. नंतर शाई काळी आणि कागद पांढरा असे दोनच भाग करावयाचे असतात. कोठवर काळे मानावे याची सीमा यंत्राने ठरवावी यासाठी जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली दिलेली रीत आजही वापरतात. परंतु पानाच्या एका अंगास ऊन आणि दुसऱ्या अंगास सावली असेल, तर एकच सीमा चालत नाही. सावलीतील अर्धे पान डांबरासारखे काळे होते. म्हणून पानाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकाची सीमा वेगळी धरावी लागली.

छापील भजनांच्या भागासाठी अक्षरे ओळखणारे यंत्र वापरले. 'टेसरॅक्ट' त्याचे नाव. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ते घडले, २००५ साली सर्वांस मोफत खुले झाले, आणि मराठीही त्यास शिकविलेली आहे. स्वच्छ छापील पानावर ते उत्तम चालते. मात्र त्यास इंचास तीनशे ठिपक्यांचे चित्र आवडते आणि येथे त्याच्या निम्मेही नव्हते. अशा चित्रात देवनागरीचे जे हाल होतात ते रोमन लिपीचे होत नाहीत. देवनागरीचा अर्धा अर्थ ओळीच्या वर आणि खाली बसलेला असतो. अनुस्वाराचा ठिपका हा खरा अनुस्वार की कागदावरील झुरळाची खूण, हे यंत्रास कसे कळावे? त्यातून ते पुस्तक जुन्या शुद्धलेखनाचे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने नवे नियम केले तेव्हा न उच्चारले जाणारे कित्येक अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'घरीं' अशी ठिपक्यांची दाटी असे. यंत्र नव्या मराठीवर पोसलेले. त्याने काही ठिपके आपल्या मताने पुसले आणि काही धुळीचे कण भक्तिभावाने ठेवले.

एक चूक मात्र विशेष ध्यानात राहण्याजोगी झाली. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगटी. रकाराची एक खूण अक्षराच्या डोक्यावर बसते, दुसरी पापणीसारखी आडवी येते. अर्थ पार बदलतो. यंत्राने जेथे जेथे 'दर्या' होता तेथे तेथे 'दऱ्या' करून टाकले. ज्यांचे पूर्वज दर्या ओलांडून आले त्यांच्या पोथीत असा पाठ! चिरंजीवांच्या नजरेतून हे सुटले होते. रात्री जेवणानंतर ते एकेक पान वडिलांना वाचून दाखवीत, आणि वडील, ज्यांना छापील भाग बहुतेक पाठ होता, डोळे मिटून ऐकत आणि चुकीच्या जागी बोट वर करीत. मुद्रिते तपासणारा मनुष्य दिसेनासा झालेला असावा आणि तरी त्याच्याइतका चोख दुसरा कोणी नसावा, असा हा प्रकार झाला.

पहिल्या पानावरील क्रमांकाने मात्र त्यांनाही अडविले. सहा आकड्यांपैकी तिसरा आकडा १ की ९, हे कोणास ठरविता येईना. आक्कांनी ते पान क्षणभरच धरले होते आणि चित्र हललेले. अंदाज करण्याचा मोह सर्वांनाच झाला, कारण १ अधिक संभवनीय दिसत होता. परंतु या आकड्यात चूक म्हणजे दुसऱ्याच एखाद्या मनुष्यास आपला पूर्वज म्हणणे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात गिरमिटियांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. कित्येक वाचकांनी तेथून आपल्या घराण्याचे उतारे आणविलेही असतील. आक्कांची नात दोन्ही क्रमांक घेऊन तेथे गेली. १ घातलेला मनुष्य मद्रासहून आलेला निघाला. ९ घातलेला मुंबई बंदरातून आलेला, जिल्हा रत्नागिरी, आणि बापाचे नाव कुटुंबात चालत आलेलेच. अंदाजावर भिस्त ठेवली असती तर ट्रॉयमधील हे घराणे एका रात्रीत तमिळ झाले असते. त्यात काही कमीपणा नव्हता, पण खरे नव्हते.

आता हस्तलिखित पाने. येथे यंत्राने हात टेकले. छापील खिळ्यांवर शिकलेल्या यंत्रास बोरूचे अक्षर कळेना. त्याने अक्षरांचा जो काला करून दिला त्यात एकही शब्द शाबूत नव्हता. हे काम हातानेच टंकावे लागणार हे उघड झाले आणि ते सूनबाईंनी आपण होऊन अंगावर घेतले. दिवसभराची नोकरी सांभाळून, रात्री अकरापर्यंत, एका बाजूस चित्र आणि दुसऱ्या बाजूस कोरे पान ठेवून त्या टंकीत. चार महिने लागले. काम त्यांनी मनापासून केले, आणि मनापासून केले म्हणूनच पुढील घोटाळा झाला.

आबांची मराठी पुस्तकी नव्हती. 'व्हता', 'हायत', 'मानसं' अशी ती बोलली तशी लिहिली होती, आणि तीत बेटावरचे क्रिओल शब्द मुक्तपणे आले होते. दुकानास 'लाबुटिक', साखरेच्या मळ्यास 'ताब्लिसमां', पाण्यास कोठे 'पानी' तर कोठे 'दिलो'. सूनबाईंच्या आजोबांच्या घरी चुकीच्या वेलांटीबद्दल कान धरीत असत. त्यांनी आदरभावनेनेच, आबांचे नाव खाली पडू नये म्हणून, हलक्या हाताने सर्व शुद्ध केले. 'व्हता' चा 'होता' झाला, 'लाबुटिक' चे 'दुकान' झाले.

कॅरोलच्या रात्रीनंतरचे पान आले तेव्हा वृद्ध गृहस्थ खुर्चीत टेकून ऐकत होते. चिरंजीवांनी वाचले: "छप्पर उडून गेले, माणसे सुरक्षित आहेत."

वृद्ध काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, हे कोणी लिहिले?"

"आबांनीच, बाबा. मी फक्त शुद्ध केले."

"आबा 'सुरक्षित' हा शब्द जन्मात कधी बोलले नाहीत."

मूळ चित्र काढून पाहिले. तेथे जांभळ्या पेन्सिलीने चार शब्द होते: छपर गेलं. मानसं हायत. त्या रात्री वृद्ध गृहस्थ बावीस वर्षांचे होते. वडिलांनी सकाळी चिखलात उभे राहून ते चार शब्द लिहिले आणि वही पेटीत परत ठेवली, एवढे त्यांना आठवत होते. ते रागावले नाहीत. सूनबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आले, आणि कोणाची समजूत कोणी घालावी असा थोडा अवघड प्रसंग झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा आरंभ केला. या खेपेस नियम एकच: जसे दिसते तसे. जे दिसत नाही तेथे चौकोनी कंसात तीन टिंबे. चार महिन्यांचे काम पुनः करावयास सात आठवडे पुरले, कारण अक्षर आता ओळखीचे झाले होते; पण सात आठवडे म्हणजे काही थोडे नव्हेत, आणि वृद्धांच्या दृष्टीतील धुके दरम्यान वाढतच होते.

शब्दांचे अर्थ पुढील पिढीस कळावेत म्हणून शेवटी शब्दसूची जोडावी असे ठरले, आणि अर्थ वृद्धांनी सांगावयाचे. हा भाग ठरल्यापेक्षा पुष्कळ लांबला. एका शब्दाचा अर्थ सांगता सांगता तो शब्द कोण कसा उच्चारी, कोणत्या सिरदाराने त्यावरून कोणास मारले, कोणाचे लग्न त्यामुळे मोडले, असे निघत जाई. सूनबाई ते सारे टिपून घेत. वस्तुतः आबांच्या वहीखालोखाल या पुस्तकातील मोलाचा भाग म्हणजे ही सूची होय, असे चाळणाऱ्यास वाटल्यावाचून राहात नाही.

ई-पुस्तकाचा जो सर्वमान्य साचा आहे त्यास ई-पब म्हणतात. २००७ पासून तो प्रचारात आहे. नाव भारदस्त असले तरी आतून ते एक गाठोडे आहे. प्रत्येक प्रकरणाचे एक पान, अनुक्रमणिकेचे एक पान, अक्षरे कशी दिसावीत याच्या सूचनांचे एक पान, चित्रे, हवा असल्यास अक्षरांचा साचा. हे सर्व एकत्र दाबून बांधलेले. वाचणाऱ्याने अक्षर मोठे केले की ओळ आपोआप मोडून खाली उतरते, आणि पाहिजे तर काळ्यावर पांढरी अक्षरे करता येतात. गाठोडे बांधण्यास कोविद गोयल यांनी २००६ साली आरंभिलेली 'कॅलिबर' ही मोफत मिळणारी आज्ञावली वापरली. तिला चित्रे दिली तर ती निमूटपणे चित्रांचेच गाठोडे बांधून देते, हे चिरंजीव पहिल्या संध्याकाळी शिकले होते. आता तिला खरीखुरी अक्षरे मिळाली.

तरीही पहिल्या बांधणीत एका जुन्या वाचनयंत्रावर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींनी सर्वांस खुला ठेवलेला 'मुक्त' हा देवनागरी टाइप गाठोड्यात घातल्यावर चौकोन गेले, परंतु पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसण्याऐवजी पलीकडे बसू लागली आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहिली. दोष पुस्तकाचा नव्हता, यंत्राचा होता. त्यास देवनागरीची जुळणी येतच नव्हती. यंत्र बदलले, प्रश्न मिटला. हे येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, वाचकांपैकी कोणी असा उद्योग करील तर त्याने एका यंत्रावर बिघाड दिसल्याबरोबर महिन्याभराचे काम टाकून देऊ नये.

संपूर्ण पुस्तकात एकच चित्र चित्र म्हणून ठेवले आहे. आबांनी १९३८ च्या पानावर मुलगा झाल्याचे लिहिले आहे, आणि पुढे दिवस, घटका, बहुधा नक्षत्रही लिहिले असावे. ते दिसत नाही, कारण त्या जागी आक्कांचा अंगठा आहे. त्या रविवारी वृद्ध गृहस्थ हसून ओरडले होते, "आक्का, बोट काढ!" आक्कांना ऐकू कमी येई, पान उलट म्हणतो आहे असे समजून त्यांनी पान उलटले. पुढच्या रविवारी पुन्हा पाहू असे म्हणून ते राहिले ते राहिलेच. चिरंजीवांच्या मनात होते की तेथेही कंसात तीन टिंबे द्यावीत, नियम तो नियम. वृद्धांनी ऐकले नाही. त्या पानावर अक्षर मोठे करता येत नाही, ओळ मोडत नाही. सुरकुतलेला अंगठा तेवढा मोठा होतो.

पुस्तक पुरे झाले तेव्हा वृद्धांना सलग वाचणे उरले नव्हते. काळ्या पडद्यावर पांढरे अक्षर, तेही इतके मोठे की एका वेळी दोन-तीन शब्द मावावेत, अशा रीतीने ते मान तिरपी करून डोळ्याच्या कडेने वाचतात. पहिल्या दिवशी त्यांनी अर्ध्या तासात चार ओळी वाचल्या. उरलेले यंत्र वाचून दाखविते. परंतु 'लाबुटिक' ते असे काही चमत्कारिक म्हणते की वृद्ध त्यास दर वेळी मोठ्याने दुरुस्त करतात.

प्रती पोर्ट लुईस गेल्या, लंडनला भाच्यांकडे गेल्या. चार दिवसांनी आक्कांच्या नातीचा निरोप आला की, शब्दसूचीत 'ताब्लिसमां' याचा अर्थ 'ऊसमळा' असा दिला आहे तो अपुरा आहे. नुसते शेत नव्हे, साखरेचा कारखाना, कचेरी, मजुरांची वस्ती मिळून सगळे ते ताब्लिसमां. वृद्ध गृहस्थांनी सांगितले की आबा शेतात काम करीत, कारखान्यात नव्हे, तेव्हा आबांच्या वहीत अर्थ शेताचाच. नातीने उत्तर दिले की मग वहीत एके ठिकाणी ताब्लिसमांचा भोंगा वाजल्याचे कसे लिहिले आहे. शेताला भोंगा असतो काय? पान काढून पाहिले, भोंगा होता. तासभर वाद चालला. शेवटी दोन्ही अर्थ देऊन सुधारलेली प्रत करण्याचे ठरले, आणि ती पुढच्या रविवारी, ट्रॉयच्या सकाळी नऊ वाजता, पोर्ट लुईस रवाना झाली.